यंत्रातले पुस्तक, फळीवरचे पुस्तक

विहाराच्या वाचनालयाची किल्ली आमच्याकडे असते, म्हणून दर रविवारी दहा ते एक आम्ही तिथे बसतो. काही महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी देवघेवीचे रजिस्टर उघडतो न उघडतो तोच आमच्या चाळीतले दादा आणि त्यांची मुलगी भांडतच आत आले. दादा बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी परिचारिका आहे, नुकतीच नोकरीला लागली. पगारातून तिने बारा हजार रुपये बाजूला टाकले होते आणि त्या पैशांतून वडिलांना ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचायचे यंत्र, घेऊन द्यायचे असा तिचा हट्ट होता. दादांचे म्हणणे, तेवढ्या पैशांत काचेचे लोखंडी कपाट येईल आणि पलंगाखालच्या पेटीत कोंडलेली पुस्तके एकदाची उभी राहतील.

"काका, तुम्हीच सांगा पप्पांना," मुलगी म्हणाली.

"भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. तुम्हीच सांगा हिला," दादा म्हणाले.

वाचकहो, हा प्रश्न आता एकट्या दादांच्या घरचा राहिलेला नाही. ज्या घरात एकाचे तरी शिक्षण झाले आहे आणि महिन्याकाठी चार पैसे उरतात, त्या घरात तो आज ना उद्या येणारच. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले ते इथे मांडतो.

आम्ही पडलो बी.कॉम., वीस वर्षे व्हाउचरे तपासण्यात गेलेली. पहिल्यांदा पेन्सिलच हातात घेतली. दादांच्या घरी वर्षाला सहा पुस्तके विकत येतात, बहुतेक ६ डिसेंबरला दादरला, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून. यंत्रातले पुस्तक छापील पुस्तकाहून बहुधा स्वस्त असते. एका पुस्तकामागे ऐंशी रुपये वाचतात असे धरले तरी बारा हजार वसूल व्हायला दीडशे पुस्तके लागतील. वर्षाला सहा या वेगाने पंचवीस वर्षे! यंत्राची बॅटरी तेवढी टिकली तर नवलच. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, यंत्रावर आहे. दादांनी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिले.

"काका, फुकट मिळणारी पुस्तकं तुम्ही धरलीच नाहीत," ती म्हणाली.

पोरीने आमची चूक बरोबर पकडली. लेखक हयात असताना प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो, असा आपल्या देशाचा कायदा आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून कोणीही छापावे, कोणीही यंत्रात घालावे, असे खुले झाले. जोतीराव फुले यांचे आणि साने गुरुजींचे लेखन त्याच्या आधीच खुले झाले होते. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे 'फकिरा' खुली व्हायला २०३० साल उजाडेल. शाळेची पुस्तके बालभारती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. हे सगळे जमेच्या बाजूला मांडले की आमचा पंचवीस वर्षांचा हिशेब कोलमडतो.

तरीही आम्ही कपाटातून एक जुने पुस्तक काढले आणि त्याच्या मागच्या खिशातले कार्ड मुलीपुढे ठेवले. सदतीस तारखा होत्या त्यावर. एकशे वीस रुपयांचे पुस्तक सदतीस घरांत जाऊन आले. एका घरात ते किती जणांनी वाचले ते कार्ड सांगत नाही. आमच्या वस्तीत पुस्तक घरी गेले की आधी मुलगा वाचतो, मग सून, मग शेजारीण मागून नेते. दुकानातून यंत्रावर घेतलेले पुस्तक असे हातोहात फिरवता येत नाही. ते घेणाऱ्याच्या नावावरच्या खात्याला बांधलेले असते. यंत्रच उचलून दिले तर गोष्ट वेगळी, पण मग आपली सगळीच पुस्तके त्याच्याबरोबर गेली.

आणि दुकानदाराच्या दृष्टीने ते पुस्तक आपण विकत घेतलेलेच नसते, वाचायची परवानगी घेतलेली असते. हे पुष्कळांना ठाऊक नाही. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत काय झाले ते ऐका. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ॲमेझॉन कंपनीच्या दुकानात किंडल यंत्रासाठी विकल्या गेल्या होत्या. ज्याने त्या दुकानात ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे उघड झाल्यावर कंपनीने लोकांच्या घरात असलेल्या यंत्रांतून ती पुस्तके परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे त्या भानगडीत निकामी झाली. प्रकरण कोर्टात गेले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे तडजोड झाली. गंमत म्हणजे त्या दोन कादंबऱ्यांतली एक सरकार कागद कसे गायब करते याच गोष्टीची. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय काढून घेतली.

"म्हणजे खोली भाड्याची आणि पागडी आपली," दादा म्हणाले. आम्हाला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

पण कागद अमर आहे अशातला भाग नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहत होतो. कमरेएवढे पाणी घरात. वडिलांनी जमवलेली दोन खोकी पुस्तके चौथ्या दिवशी आम्ही स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या ढिगावर टाकली. पाने एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत आले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती आणि महायुद्धात ती बोट बुडाली. पुस्तकांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आले. घरात जागा नाही, भिंतीला ओल, वाळवी आणि कसर हात धुऊन मागे लागलेली. अशा दहा बाय बाराच्या खोलीत शेकडो पुस्तके मावणारे यंत्र म्हणजे चैन असे आम्ही म्हणणार नाही.

एवढे बोलणे झाल्यावर आमच्या मनात एक शंका आली. मुलगी इतकी हट्टाला का पेटली आहे? आम्ही सहज म्हणून हातातले पुस्तक दादांपुढे केले. "दादा, या पानावर काय आहे ते वाचून दाखवा."

दादांनी पुस्तक लांब धरले, जवळ आणले, घसा खाकरला आणि घडाघडा बोलू लागले. पण ते पान ते नव्हतेच. पुस्तकाची सुरुवात त्यांना पाठ होती, ती ते म्हणत होते. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

"वर्ष झालं काका," ती नंतर म्हणाली. "गॅलरीत पुस्तक उघडून बसतात आणि तासभर पान उलटत नाही. मी विचारलं तर म्हणतात, चष्मा बदलायचाय. यंत्रात अक्षर मोठं करता येतं, म्हणून घ्यायचं होतं."

दादा काहीच बोलले नाहीत. बस चालू असताना तिकिटे फाडता फाडता, उभ्याउभ्या वाचलेला माणूस. अक्षर दिसत नाही हे पोरीसमोर कबूल करणे त्यांना जड गेले असणार. वाचता येत नाही म्हणून आपल्या आज्याने कुठे कुठे अंगठा दिला हे ज्या घरात सांगितले जाते, त्या घरात ही लहान गोष्ट नाही.

मग कपाट-यंत्राचा वाद बाजूला ठेवून आम्ही एका मित्राचे यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणले. त्याचा पडदा मोबाइलसारखा नसतो. आत अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्याने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एका चार्जिंगवर कित्येक दिवस जातात. उन्हात छापील पानासारखेच दिसते. एक कथासंग्रह उघडून अक्षर चौपट केले, तशी दादांनी चार ओळी अडखळत पण खरोखर वाचल्या. मुलीचा चेहरा खुलला.

दादांना मात्र वाचायचा होता बाबासाहेबांच्या मराठी भाषणांचा खंड. शासनाने प्रसिद्ध केलेले खंड पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात, तो आम्ही यंत्रात घातला. आणि तिथेच घोडे अडले. पीडीएफ म्हणजे मोठ्या पानाचे जसेच्या तसे चित्र. सहा इंची पडद्यावर अक्षरे मोहरीएवढी. मोठी करावीत तर अर्धी ओळ पडद्याबाहेर, ती बघायला पान सरकवा, मागची ओळ हरवते. जे पुस्तक यंत्रासाठी नव्याने अक्षरजुळणी करून तयार केलेले असते त्याचीच अक्षरे मोठी होऊन ओळी आपोआप जुळतात. आपली जुनी मराठी पुस्तके संगणकावर असली तरी वेगवेगळ्या फाँटांत टाइप झालेली, ती बदलायला गेले की शब्दांचा चिवडा होतो. तेव्हा कोणी यंत्र घेणार असेल तर आधी आपल्याला हवी असलेली चार पुस्तके त्यावर कशी दिसतात ते बघावे, मग पैसे मोजावेत.

छापील खंड तरी कुठे सहज मिळतात? शासनाने नऊ लाख प्रती छापायचे ठरवले, त्यासाठी सुमारे साडेपाच कोटींचा कागद घेतला आणि छापल्या गेल्या फक्त तेहतीस हजार, ही बातमी २०२१ साली वर्तमानपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात स्वतःहून दखल घेतली. कागद गोदामात आणि वाचक स्टॉलवर रांगेत. छापील पुस्तकाची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांना हे गिळावे लागते. ज्या मुलाला प्रबंधासाठी उद्या संदर्भ हवा आहे त्याला आम्ही पीडीएफच वापरायला सांगतो.

अभ्यासाचे निघालेच आहे तर एक सांगतो, कारण दादांचा धाकटा बारावीला आहे. पडदा आणि कागद यांची तुलना करणारे चोपन्न अभ्यास एकत्र तपासून २०१८ साली काही संशोधकांनी निष्कर्ष मांडला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, घड्याळ लावून वाचताना तर अधिकच. गोष्टी-कादंबऱ्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. पाठ्यपुस्तक फुकट मिळाले म्हणून पोराच्या हाती नुसता मोबाइल देऊ नका. जमेल तर धड्यांच्या झेरॉक्स काढा.

दादांना आम्ही यंत्राच्या दुकानाऐवजी डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिन्याने नवा चष्मा आला, डाव्याची तारीख पुढे आहे. बारा हजारांतले काही औषधांत आणि रिक्षात गेले. पुढचे दोन पगार जमवून मुलीने यंत्र घेतले, पण स्वतःसाठी. रात्रपाळी संपवून लोकलने येताना एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात दोनशे ग्रॅमचे यंत्र धरता येते, भाषणांचा खंड धरता येत नाही, हे दादांनीच तिला सांगितले. विकतची पुस्तके ती त्यात कमी घेते, खुली झालेली जास्त उतरवते, आणि त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आमच्या वाचनालयात ठेवते. कपाट अजून आलेले नाही. पेटीतली पुस्तके तूर्त आमच्याकडच्या खालच्या फळीवर आहेत, दादांचे नाव लिहून.

परवा गॅलरीत दादा तोच खंड मांडीवर घेऊन बसले होते. आमची चाहूल लागताच मान वर करून म्हणाले, "भाऊ, हा पहिला भाग संपत आला. दुसरा कुठं मिळतोय का बघा." वाचनालयात तो नाही. सहा डिसेंबरला दादरला बघू म्हणालो, तर त्यांनी खिशातून तीनशे रुपये काढून आगाऊ दिले आणि पावती मागितली.