अल्बममधले चार चेहरे

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका खुनाच्या बातमीवरून बरीच गरमागरमी झाली. आरोपींना पकडून एक दिवसही झाला नव्हता आणि आमच्याकडे निकाल लागूनही गेला होता. "यांना वकील तरी कशाला द्यायचा?" असं लिहिणारी माझी भाची. एरवी गल्लीतल्या कुत्र्यांना रोज पोळी घालणारी मुलगी. मी तिला रागावलो नाही. रागावण्याचा हक्क मला नाही, आणि का नाही, तेच या वेळी सांगतो.

मी इंदूरच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलं. आमच्याकडे दोषारोपपत्राला चालान म्हणतात आणि तारखेला पेशी. अशी चालानं आणि साक्षी मी पोत्यांनी हाताळल्या. म्हणजे पोलिसांच्या कागदात काय असतं आणि काय नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं. पण 30 एप्रिल 2009 ला सुप्रीम कोर्टाने नाशिकजवळच्या एका खटल्यात सहाही आरोपींना फाशी सुनावली, तेव्हा पोहे खाता खाता मी ती बातमी हिला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणालो, "बरं झालं!"

गुन्हा तसाच होता. 5 जून 2003 ची रात्र. पेरूच्या बागेत झोपडीत राहणारं गरीब कुटुंब. दरोडेखोर आत शिरले, पैसे-दागिने घेतले, पाच जणांना मारलं. त्यांत घरातली मुलंही होती. घरातली बाई आणि एक पंधरा वर्षांची मुलगी यांच्यावर अत्याचार झाले. ती बाई आणि तिचा एक मुलगा तेवढे वाचले. (नावं मुद्दाम देत नाही. त्या घरानेही पुरेसं सोसलंय आणि आरोपींच्या घरांनीही.)

पकडलेले सहा जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवून बाकी तिघांना जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपही पुन्हा फाशीवर नेली. तीन कोर्टं, सगळीकडे शिकलेली माणसं, आणि सगळ्यांच्या हातात तेच कागद.

आता त्या कागदांतली एक गोष्ट. घटनेनंतर लगेचच, जूनच्या त्याच आठवड्यात, वाचलेल्या बाईला पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला गेला. तिने त्यातले चार चेहरे ओळखले. हे दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलंही गेलं. हे चौघं त्या सहांपैकी कोणीच नव्हते! पोलिसांनी त्या चौघांना अटक केली नाही, त्यांचा तपासही केला नाही. काही आठवड्यांनी झालेल्या ओळखपरेडीत आणि पुढे कोर्टात त्याच बाईने या सहांकडे बोट दाखवलं, आणि सगळा खटला त्या बोटावर उभा राहिला. तिला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. जिच्यासमोर तिचं घर संपलं, तिच्यापुढे जे उभे केले जातील त्यांच्याकडे ती बघणार. पण पहिल्या चौघांचं काय, हा प्रश्न विचारणं हे तिचं काम नव्हतं. ते पोलिसांचं होतं, सरकारी वकिलांचं होतं आणि माझ्यासारखे टायपिस्ट ज्यांच्यासाठी टाइप करतात त्यांचं होतं.

फाशीविरुद्धचा पुनर्विचार अर्ज पूर्वी न्यायाधीश आपल्या दालनात, नुसते कागद वाचून निकाली काढत. 2014 मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात हा अर्ज खुल्या कोर्टात, वकिलाचं म्हणणं ऐकूनच निकाली निघेल. आधी फेटाळलेल्या पण फाशी अजून न झालेल्या अर्जांनाही ही संधी मिळाली. त्या दारातून हे प्रकरण परत आत आलं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली.

तुम्हा मुलांना वाटत असेल की कोर्ट पुन्हा तपास करतं. तसं नाही. कोर्ट बागेत जाऊन पावलांचे ठसे शोधत नाही. ते एवढंच बघतं की तपास करणाऱ्याने समोर आलेली प्रत्येक वाट तपासली का, की एक वाट आधीच ठरवून बाकीच्या बुजवल्या. आरोपीच्या बाजूचा कागद पोलिसांना मिळाला, तर तोही कोर्टापुढे आला पाहिजे. घटनेच्या कलम 21 मध्ये जगण्याचा जो हक्क आहे, त्यात निःपक्ष तपासाचा हक्क आलाच.

5 मार्च 2019 ला तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. तपास निःपक्ष आणि प्रामाणिक नव्हता, गरीब भटक्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले, असं निकालात आहे. चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही राज्य सरकारला सांगितलं. त्या सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता. तेही फाशीची शिक्षा झाल्यानंतर लक्षात आलं.

मला मात्र या निकालाचा पत्ताच नव्हता. फाशीची बातमी मी मोठ्याने वाचली होती. सुटकेची दोन वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये फोनवर चाळताना दिसली. हिला दाखवली. ती म्हणाली, "अहो, म्हणजे तेव्हा तुम्ही बरं झालं म्हणालात, ती हीच माणसं?"

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न वाजवी होता: "मग मामा, पोलीस नीट तपास करत नसतील तर लोकांनी करायचं काय?" वाट आहे. तक्रार घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पूर्वीचं कलम 156(3), आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 175(3). हायकोर्टात याचिका करता येते, हायकोर्ट तपास दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवू शकतं. खून झालेल्याच्या घरच्यांनाही या वाटा खुल्या आहेत, हे विसरू नये. नाशिकच्या त्या बाईला खरे मारेकरी हवे होते. तिला सहा मजूर मिळाले.

दुसरा प्रश्न तिने विचारला, "त्या सहा जणांना मिळालं काय?" प्रत्येकी पाच लाख रुपये. तिने फोनवरच हिशेब केला. सोळा वर्षं तुरुंगात, म्हणजे महिन्याला सव्वीसशे रुपये.

"मामा, इतका तर माझा इंटरनेट आणि जिमचा खर्च आहे," ती म्हणाली. त्या रात्री तिने ग्रुपवरचा आपला मेसेज काढून टाकला. बाकीच्यांचे अजून तसेच आहेत.