शाळेची किल्ली कुणाकडे?

चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्यावरच्यांचं संकट, या समजुतीवर आपलं सगळं नियोजन उभं आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि सह्याद्री ओलांडून थेट पुणे-नाशिकच्या अंगाला गेलं. तरीही पक्क्या निवाऱ्यांचा विषय किनारपट्टीपुढे सरकत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी उत्तर ठरलेलं: जिल्हा परिषदेची शाळा.

या उत्तराचा मला संताप येतो. पावसाळ्याच्या तोंडावरची वादळं मे-जूनमध्ये येतात. तेव्हा शाळेला सुट्टी, आश्रमशाळाही रिकाम्या. गुरुजी गावी गेलेले, दाराला कुलूप. नेमक्या त्याच दिवसांत कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवरून परततात आणि कुडाच्या घरांची शाकारणी काढतात. त्यांना निरोप येतो, ‘घरं सोडा, शाळेत जा.’ त्या शाळेचे पत्रे वाऱ्याला टिकतील का, हे कुणी वर चढून पाहिलेलं असतं?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली निकष घालून दिले. निवारा केंद्रात माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, ३० माणसांमागे एक शौचालय, माणशी रोज किमान ३ लिटर पिण्याचं पाणी. आता वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग मोजा. त्यात १३ माणसं मावतात. दोनखोल्यांच्या शाळेत २६. दीडशे वस्तीच्या पाड्यातली बाकीची माणसं कुठे जाणार? आणि ओली बाळंतीण भर पावसात, अंधारात, पटांगणापलीकडच्या बिनपाण्याच्या शौचालयात जाणार?

पैसा नाही, हे कारण तर सांगूच नका. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशाची सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या राज्याने, आपल्याहून गरीब असताना, गावोगाव पक्के निवारे उभे केले आणि २०१९च्या ‘फणी’आधी बारा लाखांवर माणसं हलवली. आपण मात्र यादीवर विसंबतो. जुलै २०२३मध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हतीच.

वादळ आल्यावर पंचनामे करणं म्हणजे आपत्ती व्यवस्थापन नव्हे. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक पाड्यासाठी नावानिशी ठरलेली, बांधकाम अभियंत्याने एप्रिलमध्ये तपासलेली इमारत हवी, आणि तिची दुसरी किल्ली पाड्यातच हवी.

पाड्यातल्या बायाबापड्यांनो, १ मेच्या ग्रामसभेत हे विचारा. इमारत कुठली, छप्पर कुणी तपासलं, किल्ली कुणाकडे? उत्तर ठरावात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.