घरची सहल : उथळ दिसणारे पाणी

आमचे एक आप्त नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. गेल्या हिवाळ्यात ते सुटी घेऊन कॅरिबियन समुद्राकाठच्या कार्ताहेना शहरी गेले होते. तेथून होडीने तासाभराच्या अंतरावर रोसारियो नावाची बेटे आहेत. सकाळी निघावे, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून आणि दातांत श्वासाची नळी धरून दिवसभर पाण्यावर पालथे तरंगावे, खालचे प्रवाळ व मासे पाहावे आणि सायंकाळी शहरात परतावे, असा तेथील प्रवाशांचा परिपाठ. त्यांनी पाठविलेली चित्रे घरात हातोहात फिरली, आणि रात्रीच्या पंक्तीस मुलांनी सरळ प्रश्न घातला : "आपल्या नाशिकहून असे कोठे जाता येईल?"

प्रश्न साधा होता, पण पंक्तीत एकदम शांतता पसरली. तिचे कारण सांगितल्यावाचून पुढील मजकुराचा अर्थ वाचकांस लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावण सरल्यावर आम्ही घरची सारी मंडळी एका बंधाऱ्यावर सहलीस गेलो होतो. पाऊस उघडला होता आणि पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले होते. आमचा चौदा वर्षांचा पुतण्या पाय धुण्यास म्हणून उतरला. पाणी गुडघाभर दिसत होते. दोन पावले टाकताच ते कमरेवर आले आणि तिसऱ्या पावलास तो शेवाळावरून घसरून दिसेनासा झाला. आम्ही काठावर उभे होतो. बावन्न वर्षांचे, चांगले शिकलेले, आणि पोहता न येणारे! शेजारी धुणे धूत असलेल्या एका बाईने हातातले ओले लुगडे पिळा घालून फेकले. मुलाने ते धरले म्हणून तो आज घरात आहे.

त्या दिवसापासून आम्ही फर्मान काढले की, या घरातील मुलांनी पाण्याजवळ जावयाचे नाही. सहली बंद झाल्या नाहीत. पण पांडवलेणी, फार तर अंजनेरी, अशा कोरड्या वाटांनीच जाऊ लागल्या. त्रिरश्मी डोंगरातील चोवीस लेणी आणि सातवाहनांचे शिलालेख मुलांनी इतक्या वेळा पाहिले की, गौतमी बलश्री ही त्यांस घरचीच कोणी वडीलधारी वाटू लागली.

म्हणून त्या रात्री कोणी बोलेना. अखेर आमच्या मातोश्रींनी तोंड उघडले. त्यांचे माहेर नदीकाठचे. पाठीला सुका भोपळा बांधून त्या लहानपणी पोहावयास शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "दोन वर्षे मी गप्प बसले. गोदेच्या गावात राहून मुलांना पाण्याची बंदी किती दिवस घालशील? उद्या मित्रांबरोबर न सांगता जातील. त्यापेक्षा सांगून आणि शिकून जाऊ देत."

आम्हांस राग आला, हे कबूल करतो. परंतु रात्रभर विचार केल्यावर असे ध्यानी आले की, आमच्या बंदीच्या पोटी मुलांच्या काळजीपेक्षा आमची स्वतःची लाज अधिक होती. दुसऱ्याच आठवड्यात महानगरपालिकेच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावावर आमच्या घरची पाच नावे घातली गेली : तीन मुले, धाकट्या वहिनी, आणि आम्ही. प्रौढपणी अर्ध्या चड्डीवर मुलांच्या रांगेत उभे राहण्यास जे धैर्य लागते, त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. इतकेच सांगतो की, पोहणे म्हणजे हातपाय मारणे नव्हे, तर प्रथम पाण्यावर निवांत पडून राहणे, ही गोष्ट मुलांस चार दिवसांत समजली आणि आम्हांस महिना लागला.

तलावावर शिकत असता पुतण्याने एक प्रश्न आणला. तळाची फरशी काठावरून जवळ दिसते आणि बुडी मारली की लांब निघते, हे कसे? उत्तर त्याच्याच शालेय पुस्तकात होते. प्रकाशाचे किरण पाण्यातून हवेत येताना वाकतात; त्यामुळे वरून सरळ खाली पाहिले असता पाण्याची खोली खरीच्या सुमारे तीन-चतुर्थांशच दिसते. आठ फुटांचा डोह सहा फुटांचा वाटतो, आणि काठावरून तिरपे पाहिल्यास त्याहूनही उथळ. बंधाऱ्यावर आमच्या मुलास फसविले ते यानेच. निवळ पाणी गढूळ पाण्याहून अधिक फसवे, कारण गढूळ पाण्यास माणूस भितो तरी!

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. नाशिकच्या आसपास मुखवटा लावून पाहण्याजोगे पाणी आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. गोदावरीचे पात्र काळ्या कातळाचे. पावसाळ्यात पाणी मातीने लाल होते, पुढे ते निवळते. पण शहरात त्यात काय काय मिसळते, हे रामकुंडावर उभे राहिल्यास कोणासही दिसेल. शिवाय वर गंगापूर धरण आहे. तेथून विसर्ग सोडला की खाली चढाव येतो. जुने नाशिककर पुराचे माप फुटांत सांगत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेस पाणी लागले की छातीस, यावर ते पूर ओळखतात. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात अवश्य पाहावा, पण कठड्याच्या अलीकडून. बंधारे व धरणांचे जलाशय यांत उतरूच नये. तेथे ना राखणदार असतो ना तळाचा भरवसा.

तथापि पाण्यात न उतरता पाणी पाहण्याचे एक ठिकाण एका दिवसाच्या सहलीस इतके उत्तम आहे की, ते न पाहिलेले घर नाशकात असू नये. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वराचा बंधारा बांधला गेला. तो बांधला शेतीच्या पाण्यासाठी. परंतु दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे साचत गेला, जलाशय उथळ झाला आणि ठिकठिकाणी बेटे व पाणवनस्पती माजल्या. पाणी साठविण्याच्या दृष्टीने हा तोटा. पण पक्ष्यांनी त्याचे सोने केले. उथळ पाणी, चिखल आणि भोवती शेते, एवढे पाणपक्ष्यांस पुरते. २०२० साली या जागेस आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रात हा मान प्रथम तिला लाभला.

तेथे जावयाचे ते दिवाळीनंतर, माघ सरण्यापूर्वी, आणि उजाडण्याच्या सुमारास पोहोचेल अशा बेताने. संस्कृत काव्यांतून रात्री विरहाने हाका मारणारा चक्रवाक शेंदरी अंगाचा असतो, हे आमच्या मुलांनी तेथेच प्रथम पाहिले. चोचीने पाणी गाळून खाणारे थापट्या बदक, कपाळावर पांढरा टिळा मिरविणारा काळा वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक. ज्या वर्षी पाणी मनाजोगे असेल त्या वर्षी रोहितही. दुर्बीण एक असली तरी पुरे, पण तिची पाळी आजीपासून सुरू व्हावी. फराळ आदल्या रात्रीच बांधून ठेवावा. नाहीतर घरातील बायका पहाटे तीनला चुलीपाशी आणि पक्षी पाहताना झोपेत, अशी सहल होते, आणि ती निम्म्या घराचीच होते.

राहिला प्रवाळांचा प्रश्न. त्यासाठी कार्ताहेनास जाण्याचे कारण नाही, मालवणास जावे. नाशिकहून ते सुमारे सहाशे किलोमीटर, म्हणून ही एका दिवसाची सहल नव्हे. पण मालवणात चार दिवस बिऱ्हाड केल्यास तेथून रोज एक सहल होते. शिवछत्रपतींनी १६६४ साली पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून त्या परिसरास सागरी अभयारण्याचे संरक्षण आहे. एक दिवस किल्ला व त्यातील दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी पाहण्यात जावा. एक दिवस पाण्यात. एक तारकर्लीच्या वाळूवर. पावसाळ्यात होड्या बंद असतात. थंडीचे महिने उत्तम. पाण्यात सकाळीच उतरावे, कारण दुपारी वारा उठला की लाटा तळाची वाळू ढवळतात व काही दिसत नाही.

मुखवट्याचे रहस्यही मुलांस आधी समजावून द्यावे. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडला आहे; पाणी बुबुळास लागले की किरण पुरेसे वाकत नाहीत आणि सारे धूसर होते. काचेआड हवेची पोकळी ठेवली की दृष्टी पूर्ववत होते. मात्र मासा आहे त्याहून एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठा दिसतो. म्हणजे ज्या नियमाने बंधाऱ्यावर घात केला, तोच येथे गंमत करतो! श्वासाची नळी हातभर लांबीचीच का, लांब नळी घेऊन तळाशी का बसता येत नाही, हेही मुले विचारतील. खोल गेले की पाण्याचा भार छातीवर पडतो आणि फुप्फुसे वरची हवा ओढू शकत नाहीत. शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास परत येतो.

चार नियम आम्ही घरात भिंतीवर लिहून लावले आहेत. पोहता येत असले तरी तरंगण्याचे जाकीट काढावयाचे नाही. एकट्याने उतरावयाचे नाही. जोडी ठरवून एकमेकांवर नजर ठेवावयाची. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घ्यावयाचे नाहीत, कारण त्याने श्वासाची ओढ उशिरा लागते आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. आणि प्रवाळांवर पाय ठेवावयाचा नाही. तो दगड नव्हे, असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत आहे, आणि ती अतिशय सावकाश वाढते.

गेल्या पौषात आम्ही मालवणास गेलो. पहिल्याने पाण्यात तोंड घातले तेव्हा आमचा श्वास घाबरून अडला. पुतण्याने हात धरला आणि खुणेने सांगितले, सावकाश. मग काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा एक थवा आमच्या नाकापुढून गेला. काठावर उभे राहून आम्ही दोन वर्षे ज्याची धास्ती घेतली, त्याच्या पोटात इतके शांत काही असेल, याची आम्हांस कल्पना नव्हती. मातोश्री होडीतच बसल्या होत्या. वर येताच त्यांनी इतकेच विचारले, "दिसले का?"

परत आल्यावर एका रविवारी आम्ही त्याच बंधाऱ्यावर गेलो. पुतण्याने खुणा केलेला बांबू बरोबर घेतला होता. काठावरच्या खडकावरून पाहता पाणी सर्वांस तीन फूट वाटले. बांबू चार फुटांवर टेकला. धाकट्या मुलांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला. आमच्या शंभर उपदेशांहून त्याचा परिणाम अधिक झाला असे वाटते.

धुण्याच्या दगडावर त्याच बाई होत्या. मातोश्रींनी त्यांची ओटी भरली आणि नवे लुगडे पुढे केले. बाईंनी ते मांडीवर ठेवले, मुलाकडे निरखून पाहिले आणि विचारले, "मग, पोराला पवायला शिकवलं का न्हाई?"

आम्हांस 'हो' म्हणता आले.