हरवलं-सापडलं

बँकेच्या प्रत्येक शाखेत एक खण असतो. रोखपालाच्या खिडकीपाशी विसरलेले चष्मे, एका पायातली चप्पल (ती कशी विसरतात, हे कोडं मला निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही), किल्ल्यांचे जुडगे, एकदा तर कवळीसुद्धा. पण खरा हरवलेला ऐवज लेजरमध्ये असे. वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही अशी खाती. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत वर्ग होते. मात्र खातेदार किंवा वारस कागदपत्रं घेऊन आला, तर ती त्याला परत मिळते. मागणारा यावा लागतो, एवढंच.

हे सगळं आठवायला कारण झालं नातीचं एक पुस्तक. नात दहा वर्षांची. तिच्या मामाने तिला वाढदिवसाला इंग्रजी कादंबरी पाठवली, ‘मॅलमॅन्डर’. मुखपृष्ठ पाहूनच सूनबाई सावध झाली. म्हणाली, ‘बाबा, आधी तुम्ही वाचा. भुताखेतांचं दिसतंय. रात्री दचकून उठायला लागली तर?’ म्हणजे निवृत्तीनंतरही व्हाउचर पास करायचं काम माझ्याकडेच. मी संध्याकाळी चष्मा पुसून बसलो, आणि रात्री साडेबाराला पुस्तक मिटलं तेव्हा दूध नासून गेलं होतं.

लेखक टॉमस टेलर. २०१९ साली आलेलं हे पुस्तक मालिकेतलं पहिलं. २०२३ मध्ये पाचव्या पुस्तकाने मालिका पुरी झाली. वाचक साधारण आठ ते बारा वयाचे. टेलर मुळात चित्रकार. १९९७ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांनी एका अनोळखी लेखिकेच्या पहिल्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ रंगवलं. ते पुस्तक म्हणजे पहिला हॅरी पॉटर. पुढे २०२४ मध्ये त्या मूळ जलरंगचित्राला न्यूयॉर्कच्या लिलावात एकोणीस लाख डॉलर्सहून अधिक किंमत आली. (आकडा दिसला की नोंदवायचा, ही जुनी खोड.)

कथा एका समुद्रकाठच्या गावात घडते. गावाच्या नावातच गंमत आहे. उन्हाळ्यात पाहुणे येतात तेव्हा धक्क्यावरच्या पाटीवर ‘चिअरी-ऑन-सी’ असं असतं, म्हणजे समुद्रकाठचं आनंदी गाव. हिवाळ्यातलं पहिलं वादळ पाटीची सुरुवातीची दोन अक्षरं उडवून नेतं आणि उरतं ‘ईअरी-ऑन-सी’, अंगावर काटा आणणारं गाव. तिथल्या ग्रँड नॉटिलस हॉटेलात हर्बर्ट लेमन नावाचा बारा वर्षांचा मुलगा नोकरीला आहे. काम काय, तर पाहुण्यांच्या हरवलेल्या वस्तू सांभाळायच्या आणि मूळ मालकाला पोचवायच्या. आमचा खणच की हा! आणि एके रात्री त्याच्या खोलीत एक मुलगी खिडकीतून आत येते. व्हायलेट तिचं नाव. ती तान्ही असताना तिचे आईवडील याच हॉटेलातून नाहीसे झालेले. हर्बीला ती सांगते की, या वेळी हरवलेली वस्तू मीच आहे. तिच्या मागे हाताच्या जागी गळाचा आकडा असलेला माणूस, आणि बाहेर धुक्यात, बुडालेल्या युद्धनौकेच्या सांगाड्यापाशी, मॅलमॅन्डर नावाचा समुद्रातला राक्षस. ऐन हिवाळ्यात तो एकच अंडं घालतो, आणि ते ज्याच्या हाती लागेल त्याची इच्छा पुरी होते म्हणतात.

पुढचं सांगत नाही. गावात एक पुस्तकांचं दुकान आहे, तिथे पुस्तक आपण निवडायचं नाही. अर्धं माकड, अर्धा मासा असलेलं यंत्र ते निवडून देतं. हे निव्वळ कल्पनेतलं नव्हे. माकडाचं धड माशाच्या शेपटीला शिवून ‘जलपरी’ म्हणून दाखवायचा धंदा खरोखर चालत असे. बार्नमने १८४२ साली न्यूयॉर्कमध्ये अशीच एक दाखवून गर्दी खेचली होती. गावातला नामवंत लेखक मात्र काही बरा माणूस नाही. हे मला जरा लागलं.

समुद्रकाठची भीती पावसापाण्याची नसते, ती हंगाम संपल्याची असते. इंग्लंडमधली ही गावं फुलवली रेल्वेने आणि, माझ्यासारख्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट, एका बँकवाल्याने. सर जॉन लबक हे पेढीवाले आणि खासदार. त्यांच्या खटपटीने १८७१ साली ‘बँक हॉलिडे’चा कायदा झाला आणि कामकरी माणसाला भर ऑगस्टमधला एक सोमवार हक्काचा मिळाला. माणसं आगगाड्या भरभरून किनाऱ्यावर लोटली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानं स्वस्त झाली, लोक उन्हासाठी स्पेनला जाऊ लागले. मागे राहिली रिकामी हॉटेलं, गंजलेले धक्के आणि पोपडे धरलेल्या पाट्या. भुतांना याहून चांगलं घर कोणतं?

मी हे पाहिलेलं आहे. १९९१ ते ९४ अशी तीन वर्षं माझी बदली मालवणकडच्या एका लहान शाखेत होती. मे महिन्यात मुंबईकरांनी गजबजलेलं ते गाव जुलैत ओळखू येत नसे. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, वीज गेलेली, समुद्राचा आवाज थेट माजघरात. आई तेव्हा आमच्याकडे राहायला होती. ती मूळची तिकडचीच. अशा रात्री माझ्या सात वर्षांच्या मुलाला कुशीत घेऊन ती गोष्टी सांगायची.

त्यातली एक गिऱ्ह्याची. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. खाडीवर तर चालवणारा एक तारी होता. रात्री पलीकडच्या काठावरून त्याला ओळखीच्या आवाजात हाक येई. तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, हा त्याच्या बापाने घालून दिलेला नियम. एके रात्री तिसरी हाक आलीच नाही. तारी शहाणा, तो दबा धरून बसला, पाण्यातून वर आलेल्या गिऱ्ह्याच्या डोक्याचा एक केस त्याने उपटला आणि घरी नेऊन वाशात खोचून ठेवला. त्या दिवसापासून गिऱ्हा त्याचा गडी झाला. सांगेल ते काम करी, आणि रोज रात्री दाराशी येऊन केस परत मागे...

इथे मी आत गेलो. दिवसभराचा ताळेबंद जुळत नव्हता म्हणून आधीच डोकं फिरलेलं. शिवाय मी तेव्हा मोठा विवेकवादी. ‘आई, पुरे झालं. पोराला भित्रं करून ठेवशील,’ म्हटलं. आई काही बोलली नाही. तिने मुलाच्या अंगावर पांघरूण ओढलं. त्यानंतर तिने त्याला रामाच्या गोष्टी सांगितल्या, कृष्णाच्या सांगितल्या, ती खाडी मात्र पुन्हा आली नाही. १९९८ साली ती गेली. मुलाला विचारलं, तर त्याला यातलं काही आठवत नाही.

आमच्या पिढीतल्या शिकलेल्या आईबापांनी हे सर्रास केलं. अंधश्रद्धा नको, हे बरोबरच होतं. पण गोष्टीतलं भूत आणि देव्हाऱ्यापुढचा अंगारा यांतला फरक मुलांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. रत्नाकर मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत आणि मुलांसाठी राक्षस-चेटकिणींची नाटकंही. त्या चेटकिणीला पाहून किंचाळणारी मुलं मध्यंतरात वडे खात असत. गोष्टीतल्या भीतीला नियम असतात, तीन हाकांचा असतो तसे. मूल ते नियम पाठ करतं. ‘मॅलमॅन्डर’मध्येही राक्षसापेक्षा भीती वाटते ती हव्यास सुटलेल्या माणसांची, आणि आपलं कुणी परत येणारच नाही या शक्यतेची. ती भीती दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातून मिळत नाही; ती त्याच्याजवळ आधीपासून असते. आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी नातीची आजी गेली. तेव्हापासून ती माझा फोन लागला नाही की रडकुंडीला येते. सूनबाईला हे ठाऊक आहे, म्हणूनच ती पुस्तकाला बिचकली. मला उलट वाटतं. त्या मुलीच्या मनातल्या धुक्यात निदान एक हर्बी असावा, कंदील घेऊन.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. हॉटेलचा व्यवस्थापक नुसताच खेकसतो, आणि शेवटची धावपळ इतकी लांबते की कोण कुठे आहे याचा माझा हिशेब दोनदा चुकला. नातीचा चुकला नाही. तीन दिवसांत तिने ते संपवलं, रात्री उठली नाही, आणि चौथ्या दिवशी मला विचारलं, ‘आजोबा, आपल्या समुद्रात काय असतं?’

मी गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली. केस वाशात खोचण्यापर्यंत.

‘मग? दिला त्याने केस परत?’

‘माहीत नाही गं.’

‘म्हणजे पणजीने सांगितलंच नाही?’

तिने सांगितलं नाही असं नाही, मी सांगू दिलं नाही, हे मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘म्हणजे तो केस अजून तिथेच आहे.’

गेल्या महिन्यात त्या शाखेतल्या जुन्या शिपायाला फोन लावला. खाडीवर पूल होऊन कितीतरी वर्षं झाली, तर केव्हाच बंद पडली, म्हणाला. पण शेवटच्या ताऱ्याची लेक अजून काठावरच राहते. ऐंशीची आहे, बोलते खणखणीत. मे महिन्यात नातीला घेऊन जायचं ठरलं आहे. सूनबाईने एकच अट घातली आहे: गोष्ट दिवसाउजेडी ऐकायची.