चमत्काराला टाळ्या, घामाला हसू

समाज कशाला हसतो, यावरून त्याच्या मनात कशाला मान आहे हे ओळखता येते. विसाव्या शतकातील गाजलेल्या पाश्चात्त्य चित्रकथा या दृष्टीने चाळल्या, तर एक विसंगती ठळकपणे जाणवते. बलवान नायक तेथे पदोपदी भेटतात. मात्र रोजच्या व्यायामाने बलवान झालेला नायक शोधावाच लागतो.

१९२९ साली अवतरलेल्या पॉपाय या खलाशाला बळ लाभले ते आधी एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवल्याने आणि पुढे पालकाच्या डब्यामुळे. १९४१ सालचा ‘कॅप्टन अमेरिका’ हा मुळात सैन्याने नाकारलेला किरकोळ अंगाचा तरुण. एका रसायनाने तो क्षणार्धात महाबली होतो. १९५९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला ऑबेलिक्स तर बालपणीच जादूच्या काढ्याच्या हंड्यात पडलेला! ‘बॅटमॅन’ हा सन्माननीय अपवाद. त्याने स्वतःच्या परिश्रमाने शरीर कमावले. परंतु १९३९ च्या मूळ कथेत शरीर कमावण्याची ही सारी साधना वजन उचलण्याच्या एकाच चौकटीत आटोपलेली आहे.

मग रोजचा व्यायाम या चित्रसृष्टीत दिसतो कोठे? तो दिसतो विनोदात. १९५० साली सुरू झालेल्या ‘बीटल बेली’ या मालिकेत जवानांना कवायतीला जुंपणारा सार्जंट स्वतःच पोट सुटलेला आणि खादाड आहे. १९७८ साली आलेला गारफिल्ड हा बोका पथ्य आणि व्यायाम यांचा उघड वैरी आहे. १९७६ ते २०१० या काळात चाललेल्या ‘कॅथी’ मालिकेतील नोकरदार तरुणी पोहण्याचा पोशाख घालून आरशासमोर उभी राहिली की हताश होते. लठ्ठ तो आळशी, कृश तो भित्रा आणि स्त्री म्हणजे वजनाच्या काट्याची कैदी, हे ठसे अशाच चित्रांतून घट्ट होत गेले.

या साऱ्यावर कळस चढवला तो एका जाहिरातीने. अमेरिकी चित्रकथांच्या पानांवर कित्येक दशके झळकलेल्या चार्ल्स अ‍ॅटलसच्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावर एक धटिंगण कृश तरुणाच्या तोंडावर वाळू उडवतो. अपमानित तरुण व्यायामाची पुस्तिका मागवतो, शरीर कमावतो आणि परत येऊन धटिंगणाला ठोसा लगावतो. अ‍ॅटलसची पद्धत साधी होती. तीत उपकरणांवाचून स्नायूंनाच एकमेकांविरुद्ध ताण द्यायचा असे. पण जाहिरातीने विकली ती लाज. व्यायामाचे प्रयोजन आरोग्य नव्हे, तर अपमानाचा सूड, असा धडा त्यातून मुलांना मिळाला.

विनोद हा विनोद म्हणूनच घ्यावा, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्यही आहे. गारफिल्डला वाचक हसतो, कारण व्यायाम टाळण्यासाठी तो शोधत असलेल्या सबबी वाचकाच्या स्वतःच्याच असतात. सार्जंटचे पोट हा अधिकाराच्या ढोंगाला काढलेला चिमटा आहे. असे हास्य निरोगीच होय. पण सबबीला हसणे वेगळे आणि देहाला हसणे वेगळे. पहिल्याने माणूस अंतर्मुख होतो, तर दुसऱ्याने तो घरात दडून बसतो.

ही रेषा मराठी घरांतही पुसट झालेली आहे. ‘काडी पहिलवान’ आणि ‘ढोल्या’ ही विशेषणे येथे लाडाने दिली जातात आणि जन्मभर चिकटतात. पन्नाशीची गृहिणी पायात बूट घालून पहाटे चालायला निघाली, की पहिला शेरा घरातूनच येतो. तालमीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या स्थूल मुलाला दहा जोर-बैठकांनी दम लागतो, पण त्याचे पाय परत फिरतात ते कोपऱ्यातून ऐकू येणाऱ्या हसण्यामुळे. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. ज्याला व्यायामाची गरज सर्वाधिक, तोच अशा रीतीने व्यायामापासून दुरावतो.

व्यंगचित्रकाराने आळसाला खुशाल झोडपावे. तो त्याचा अधिकारच आहे. मात्र धापा टाकत का होईना, जो पहिली फेरी पूर्ण करतो, त्याच्या घामाला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. बळ डब्यातून निघत नाही, हंड्यातही सापडत नाही. ते रोज थोडे थोडे साठवावे लागते. आणि साठवू पाहणाऱ्याच्या पाठीवर थाप देणारा एक हात घरातलाच असावा लागतो.