पूर्वरंग कीं पूर्णरंग?

शोपँच्या पियानोवरील ‘प्रिल्यूड’ रचनांवर एक आक्षेप वारंवार येतो: हा पूर्वरंग खरा, पण उत्तररंग कोठें आहे? हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

आरंभीं प्रिल्यूड म्हणजे वाद्य पारखण्याची व बोटें मोकळी करण्याची रीत होती, हें खरें. बाखनें १७२२ मध्यें चोवीसही स्वरपट्ट्यांत प्रत्येक प्रिल्यूडमागें एकेक फ्यूग जोडला. शोपँनें १८३९ मध्यें आपल्या चोवीस प्रिल्यूड फ्यूगावांचून प्रसिद्ध केल्या, तेव्हां शूमानसारख्या रसिकासही त्यांत आराखडे व भग्नावशेष दिसले. पण त्यांतील सातवी तीन मात्रांच्या अवघ्या सोळा आवर्तनांत संपते. आक्षेपकांनीं तींत एक तरी स्वर वाढवून दाखवावा! पुढें दब्युसीनेंही चोवीस प्रिल्यूड फ्यूगावांचूनच रचल्या. शोस्ताकोविचनें १९५०-५१ मध्यें फ्यूग पुन्हा जोडला, तो स्वेच्छेनें. जुनें ऋण फेडण्यासाठीं नव्हे.

नांव हें रचनेचें कुळ सांगतें, कर्तव्य नव्हे. जें स्वतः पूर्ण आहे त्याच्यापुढें ‘मग काय?’ असें विचारणारा ऐकत नसतो, नुसती वाट पाहत असतो.