अंतरपाटावर अंतरपाट

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं पुतण्याची मुंज झाली. वयोवृद्ध आत्याबाईंना प्रवास झेपेना. म्हणून चिरंजीवांनीं ‘ओबीएस स्टुडिओ’च्या साह्यानें सोहळा त्यांना थेट दाखविण्याचें योजिलें. दृश्य बदलतांना झेंडूच्या फुलांची चित्रफीत पडद्याप्रमाणें सरकावी, ही त्यांची हौस. या प्रकारास तेथें ‘स्टिंगर’ म्हणतात. मंगलाष्टकें संपलीं, अंतरपाट दूर झाला, बटूनें पित्याचें मुख पाहिलें. आणि नेमके तेच तीन सेकंद आत्याबाईंपुढें फुलेंच फुलें! त्या कांहीं बोलल्या नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें.

दोष यंत्राचा नव्हे. स्टिंगर चित्रफितीइतका वेळ खातो. साधा ‘फेड’ मुळांत ३०० मिलिसेकंदांचा, आणि ‘कट’ तर तत्काळ. फुलांनीं चौकट पूर्ण झांकली कीं आंतलें दृश्य बदलावें, तो क्षण मिलिसेकंदांत किंवा फ्रेमच्या संख्येनें भरावा लागतो. तो चुकला तर सांधा उघडा पडतो. शिवाय दृश्याच्या नांवावर माउसची उजवी कळ दाबून त्या एका दृश्यापुरतें निराळें संक्रमण नेमतां येतें. हें आम्हांस मुहूर्त टळल्यावर कळलें.

धाकट्याची मुंज माघांत आहे. फुलें भोजनाच्या पंगतीपाशीं उधळावींत; अंतरपाटाच्या दृश्यास चिरंजीवांनीं आतांच ‘कट’ लावून ठेविला आहे.